पाइपलाइन फुटली की पेट्रोल महागतं का? मोहोळच्या एका पंपचालकाला उत्तर

मोहोळजवळ पुणे रस्त्यावर घरचा पंप सांभाळणाऱ्या एका तरुण डीलरने विचारलं आहे: "२०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन बंद पडली. बातमी वाचून मी एमसीएक्सवर, म्हणजे आपल्या वायदेबाजारात, क्रूड (कच्चं तेल) घेतलं. तिथे पंप कोरडे पडले, मैलभर रांगा लागल्या, पण माझं क्रूड काही वर गेलं नाही. मग पाइपलाइनला अपघात झाला की तेल महागतं, हे खरं का? आणि उद्या मुंबईहून सोलापूरजवळच्या पाकणीच्या डेपोला येणारी लाइन बंद पडली तर आमच्याकडे काय होईल? आधीच टाक्या भरून ठेवाव्यात का?"

माझी नोकरी तेलाच्या पुरवठ्याचं नियोजन करण्यात गेली. कुठल्या डेपोत किती माल आहे, रेक (तेलाची मालगाडी) कधी लागणार, लाइनमधून पेट्रोल कधी येणार आणि डिझेल कधी, हेच रोजचं काम. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, पण तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे धंदे एकत्र आले आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय उलगडा होणार नाही.

आधी सरळ उत्तर देतो. पेट्रोल महागतं, पण सगळीकडे नाही. लाइन किती दिवस बंद राहणार, फुटलेल्या जागेच्या पुढच्या टाक्यांमध्ये किती दिवसांचा माल आहे आणि तो दुसऱ्या वाटेने आणता येतो का, हे बाजार बघतो. किती तेल सांडलं याच्याशी भावाला देणंघेणं नसतं. तुम्ही फुटलेल्या जागेच्या अलीकडे आहात की पलीकडे, यावर तुमचा नफा-तोटा ठरतो. आणि क्रूड ही तर वेगळीच वस्तू आहे.

सांडण्याचा आणि भावाचा संबंध नसतो हे कलोनियलच्याच दोन अपघातांवरून दिसतं. ९ सप्टेंबर २०१६ रोजी अलाबामा राज्यातल्या शेल्बी काउंटीत पेट्रोलची गळती सापडली. सुरुवातीचा अंदाज अडीच लाख गॅलनचा, म्हणजे साडेनऊ लाख लिटरच्या आसपास. पेट्रोलची मुख्य लाइन बारा दिवस बंद राहिली आणि दक्षिणेकडच्या अनेक राज्यांनी आणीबाणी जाहीर केली. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या हंटर्सव्हिलजवळ दोन शाळकरी मुलांना जंगलात जमिनीतून पेट्रोल वर येताना दिसलं. तिथे जमिनीत मुरलेलं तेल नंतरच्या मोजणीत वीस लाख गॅलनच्या घरात गेलं, म्हणजे आधीच्या आठपट. तरी भाव फारसा हलला नाही. लाइन पाचच दिवस बंद होती, करोनामुळे खप पडलेला होता आणि पुढच्या टाक्या भरलेल्या होत्या. त्या गावाच्या विहिरी आणि जमीन यांचं नुकसान किती तरी मोठं होतं, पण भावाच्या पाटीवर ते दिसत नाही. मला ही गोष्ट नेहमी टोचते. भाव स्थिर आहे म्हणजे अपघात लहान आहे, असं समजू नका.

आता लाइन चालते कशी ते बघू. उसाला पाणी देणारी पाइप जशी आधी पूर्ण भरावी लागते आणि मग मोटर जेवढं ढकलेल तेवढंच पलीकडून पडतं, तशी तेलाची लाइन कायम भरलेली असते. इकडून एक लिटर ढकललं तर तिकडून एक लिटर निघतं. मोटर थांबली की पलीकडे थेंब नाही, आणि मधलं सगळं तेल, म्हणजे कोणाचं तरी कोट्यवधीचं भांडवल, जमिनीखाली अडकून राहतं. एकाच लाइनमधून आधी पेट्रोल, मग डिझेल, मग पुन्हा पेट्रोल असे माल एकापाठोपाठ जातात. दोन मालांच्या सीमेवर जे मिसळतं ते बाजूला काढून पुन्हा शुद्ध करावं लागतं. माणूस चालतो त्याच्या जरासा पुढे, एवढाच या प्रवासाचा वेग. कलोनियलच्या लाइनीवर ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला माल पोचायला साधारण अठरा दिवस लागतात. त्यामुळे लाइन दुरुस्त झाली तरी पंपावरची टंचाई त्याच दिवशी संपत नाही.

कलोनियलचा आवाका लक्षात घ्या. सुमारे ८,८०० किलोमीटर लांबी, दिवसाला पंचवीस लाख बॅरल क्षमता आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या इंधनापैकी अंदाजे ४५ टक्के वाटा. मेक्सिकोच्या आखाताकाठी रिफायनऱ्या, आणि माणसं अटलांटापासून न्यूयॉर्कपर्यंत. न्यूयॉर्कला बंदर आहे, युरोपातून जहाज मागवता येतं. अटलांटा, नॅशव्हिल, शार्लट ही शहरं मात्र आत, जमिनीवर आहेत. त्यांच्यापुढे जहाजाची वाट नाही. म्हणून लाइन बंद पडली की पहिला घाव त्यांच्यावर बसतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये तेच झालं. फुटलेल्या जागेच्या पुढे पेट्रोल मिळेना. जॉर्जियात पंपावरचा भाव आठवडाभरात गॅलनमागे वीस सेंटांहून अधिक चढला, तर देशाची सरासरी काही सेंटच हलली. फुटलेल्या जागेच्या अलीकडे, ह्यूस्टनकडे, उलटाच प्रकार होता. रिफायनऱ्या पेट्रोल काढत होत्या पण ते जायला वाट नव्हती. टाक्या भरत आल्या की रिफायनरीला दोनच मार्ग उरतात: स्वस्तात विकणे किंवा उत्पादन कमी करणे. म्हणजे एकाच दिवशी, एकाच देशात, एकाच पेट्रोलचा भाव एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला खाली. "पेट्रोल महागलं" ही बातमी त्या दिवशी अर्ध्याच देशापुरती खरी होती.

पंपचालकांत कोण आधी कोरडा पडला, हे तुम्ही डीलर म्हणून समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत काही पंप मोठ्या कंपनीच्या नावाखाली करारावर माल घेतात आणि काही मोकळे असतात, रोज जिथे स्वस्त मिळेल तिथून उचलतात. एरवी मोकळ्याला दोन पैसे स्वस्त पडतं. पण टंचाई आली की पुरवठादार कोटा लावतो, आधी कराराच्या गिऱ्हाइकांना देतो आणि उरलं तर इतरांना. त्या दिवसांत मोकळ्या मालाचा भाव कराराच्या वर जातो, आणि पुष्कळदा पैसे मोजायची तयारी असूनही माल नसतो. स्वस्तात मिळत होतं ते का स्वस्त होतं, हे अशा आठवड्यात कळतं.

याच भागात ३१ ऑक्टोबर २०१६ ला दुसरा अपघात झाला आणि तो जास्त वाईट होता. आधीच्या गळतीशी जोडलेलं दुरुस्तीचं काम चालू असताना खोदकाम यंत्राचा घाव चालू लाइनीवर बसला आणि स्फोट झाला. एका कामगाराचा जागीच मृत्यू झाला, इतर अनेक जण भाजले. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या बाजारात पेट्रोलचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या डिलिव्हरीचा सौदा, दहा टक्क्यांहून जास्त उसळला. सहा नोव्हेंबरला लाइन सुरू झाली आणि तेजी विरली. पहिल्या वेळी बारा दिवस बंद असूनही वायदा इतका उसळला नव्हता, मग दुसऱ्या वेळी का? कारण पहिल्या वेळी गळती हळूहळू उलगडत गेली, लोक वळसा-लाइन टाकतायत हे दिसत होतं. दुसऱ्या वेळी आगीचे लोट दिसत होते आणि किती दिवस लागतील हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाजार घाबरतो तो न कळलेल्या दिवसांना. दिवस कळले की तो लगेच हिशेब करून शांत होतो.

आता व्यापाऱ्यांकडे वळू, कारण तुम्ही स्वतःही वायद्यात हात घालता. लोकांना वाटतं, टंचाई आली की तेलाचे व्यापारी मालामाल. ज्याचा माल फुटलेल्या जागेच्या पुढे टाकीत भरलेला आहे, तो कमावतो, हे खरं. पण लाइनमध्ये माल असलेल्या व्यापाऱ्याचं काय होतं ते बघा. कलोनियलवर कमीत कमी २५,००० बॅरलचा माल पाठवावा लागतो. म्हणजे साडेदहा लाख गॅलन. शहाणा व्यापारी भाव पडण्याच्या भीतीने तेवढ्या मालाचे वायदे विकून ठेवतो. एक वायदा ४२,००० गॅलनचा, तेव्हा पंचवीस वायदे. एरवी हे चोख असतं: भाव पडला तर मालात तोटा, वायद्यात तेवढाच फायदा.

मग लाइन फुटते. वायद्याची डिलिव्हरी न्यूयॉर्क बंदरात आहे, तिथे टंचाईची भीती, म्हणून वायदा समजा दहा सेंटांनी वर जातो. आपल्या व्यापाऱ्याने वायदा विकलेला आहे. एका सेंटाला एका वायद्यामागे ४२० डॉलर, तर दहा सेंटांना पंचवीस वायद्यांवर १,०५,००० डॉलर मार्जिन (सौद्याची अनामत) आजच्या आज भरा. "माझ्याकडे माल आहे ना" असं म्हणायची सोय नाही, कारण माल अलाबामाच्या अलीकडे लाइनीत अडकलेला आहे आणि तिथला भाव वाढलेला नाही, उलट उतरलाय. तो पाच सेंटांनी पडला असेल तर आणखी ५२,५०० डॉलरची खोट. ज्या दोन गोष्टी एकमेकींना सांभाळणार होत्या त्या दोन्ही एकाच वेळी अंगावर येतात. वर पुढच्या गावाच्या गिऱ्हाइकाला ठरलेल्या तारखेला माल द्यायचा करार असतो. तो पाळायला महाग माल विकत घ्यायचा, किंवा दैवी आपत्तीचं कलम लावून हात वर करायचे आणि गिऱ्हाईक गमवायचं. पाइपलाइनच्या अपघातात व्यापारी बुडतात ते बहुधा असे. सट्टा न करता, नीट हेज केलेला, म्हणजे उलटा सौदा करून भावाच्या धोक्यापासून बचाव केलेला माणूससुद्धा यात सापडतो, कारण वायदा एका गावाचा आणि माल दुसऱ्या गावाचा.

मे २०२१ ची गोष्ट याहून निराळी होती. तिथे काही फुटलंच नव्हतं. खंडणीखोर हॅकरांनी कंपनीच्या कार्यालयीन संगणकांवर हल्ला केला आणि कंपनीने खबरदारी म्हणून ७ मे रोजी स्वतःच लाइन थांबवली. ७५ बिटकॉइन, तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी दिली गेली. १२ मे च्या संध्याकाळी लाइन पुन्हा सुरू झाली. बाजाराने पहिल्या दिवसापासून ताडलं होतं की पाइप शाबूत आहे, दिवसांचाच प्रश्न आहे. म्हणून पेट्रोलचा वायदा उघडताना थोडा उसळला आणि तिथेच मावळला. पंपांवर मात्र लोकांनी धाव घेतली. ज्याला अर्धी टाकी पुरली असती त्याने पूर्ण भरली, वर कॅन भरले. शेवटी सरकारी यंत्रणेला "प्लास्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल भरू नका" असं जाहीर सांगावं लागलं. नॉर्थ कॅरोलिनात निम्म्याहून जास्त पंप कोरडे झाले. अमेरिकेचा सरासरी भाव २०१४ नंतर पहिल्यांदा गॅलनला तीन डॉलरच्या वर गेला, पण तो आधीपासूनच वर सरकत होता. लाइनने त्याला शेवटचा धक्का दिला एवढंच.

आता तुमचं क्रूड. एमसीएक्सवर पेट्रोलचा वायदा नाही. तिथलं क्रूड न्यूयॉर्कच्या डब्ल्यूटीआय, म्हणजे अमेरिकी क्रूडच्या मापदंड भावावर चालतं. कलोनियलमधून क्रूड जातच नाही, तयार पेट्रोल-डिझेल जातं. ती बंद पडली की रिफायनरीला माल बाहेर काढता येत नाही, मग ती कमी क्रूड घेते, म्हणजे क्रूडची मागणी घटते. अशा बातमीवर क्रूड घेणं म्हणजे साखरेच्या गोदामाला कुलूप लागल्याचं ऐकून ऊस वाढीव दराने घेणं. बातमीनंतरच्या सोमवारी क्रूड जवळपास होतं तिथेच बंद झालं, आणि तसंच व्हायला हवं होतं.

क्रूडची लाइन फुटली तर क्रूड वाढतं, पण तिथेही कुठलं क्रूड हे विचारायचं. डिसेंबर २०१७ मध्ये उत्तर समुद्रातून येणाऱ्या फोर्टीज लाइनीला स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनजवळ बारीक तडा सापडला. रोज साडेचार लाख बॅरलच्या आसपास वाहणारी ती लाइन बंद ठेवावी लागली. ब्रेंट, म्हणजे उत्तर समुद्रातल्या क्रूडचा मापदंड भाव, तेव्हा बहुधा त्याच मालावर ठरायचा, त्यामुळे ब्रेंट २०१५ नंतर पहिल्यांदाच ६५ डॉलरच्या वर गेलं. डब्ल्यूटीआय मागे राहिलं. एमसीएक्सवर बसलेल्याला त्या तेजीचा पुरता वाटा मिळाला नाही, मात्र आपल्या रिफायनऱ्या जे क्रूड आयात करतात त्याचा भाव ब्रेंटच्या जवळून चालतो, म्हणजे देशाचं बिल वाढलं.

उलट डिसेंबर २०२२ मध्ये कॅनडाहून येणारी कीस्टोन लाइन कॅन्सस राज्यात फुटली. ती डब्ल्यूटीआयच्या घरची, डब्ल्यूटीआयची डिलिव्हरी जिथे होते त्या कुशिंगच्या टाक्यांना माल देणारी. ८ डिसेंबरला बातमी येताच डब्ल्यूटीआय झपाट्याने चढलं आणि त्याच दिवशी सगळी तेजी गमावून आदल्या दिवसाच्या खाली बंद झालं. लाइन मात्र पूर्ण सुरू व्हायला महिनाअखेर उजाडली. बातमी खरी होती, लाइन तीन आठवडे बंद राहिली, आणि तरीही बातमीवर धावत जाऊन घेतलेल्याचे पैसे गेले. आपल्याकडे संध्याकाळी मोबाइलवर बातमी पोचते तेव्हा ह्यूस्टनच्या माणसाने टाक्यांचे आकडे आणि दुरुस्तीचा अंदाज फोनवर विचारून घेतलेला असतो. तुम्ही पंपाच्या गल्ल्यातले पैसे त्याच्यासमोर लावता. माझं स्पष्ट मत आहे की पाइपलाइनच्या बातमीवर सोलापुरात बसून क्रूडचा सौदा करू नये. पंपाचं खेळतं भांडवल तर त्यात कधीच घालू नये.

आता घरचा प्रश्न. हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर लाइन ५०८ किलोमीटरची आहे, क्षमता वर्षाला ४३ लाख टनांची. मुंबईच्या रिफायनरीतून वाशी, पुण्याजवळचं लोणी आणि पुढे पाकणी, अशी तिची वाट. मिरजेकडच्या हजारवाडीलाही तिचाच माल जातो. पूर्ण क्षमतेने चालली तर दिवसाला बारा हजार टनांच्या जवळ माल होतो. तेवढा रस्त्याने आणायचा म्हटलं तर वीस हजार लिटरचे सातशेहून जास्त टँकर रोज घाट चढवावे लागतील. यावरून लाइन म्हणजे काय ते कळेल.

ती बंद पडली तर काय होईल? पहिला प्रश्न तोच: कुठे फुटली? घाटात किंवा मुंबईच्या बाजूला फुटली तर लोणीही अडचणीत येतं आणि पुण्याची भूक सोलापूरच्या आधी उभी राहते. लोणीच्या पुढे, इंदापूर-टेंभुर्णीच्या पट्ट्यात फुटली तर लोणीला माल आहे, फक्त पाकणीला पोचत नाही. हे सोपं. लोणीहून टँकर पाकणीला किंवा थेट पंपांवर लावता येतात. पाकणीला रेल्वेने येणारा माल आहे, एका पूर्ण रेकमध्ये दीडशेहून जास्त टँकरांचं तेल येतं. हैदराबादकडूनही महामार्ग ६५ ने माल ओढता येतो. शिवाय सरकारी कंपन्या अडचणीत एकमेकींना माल देतात, एकीची लाइन बंद असेल तर दुसरीच्या टाकीतून भरतात. म्हणून एका लाइनच्या अपघाताने सोलापूर कोरडं पडेल असं मला वाटत नाही. अटलांटासारखी आपली गत नाही, आपल्याला वाटा जास्त आहेत. मात्र हंगाम बघा. ऑक्टोबर ते मार्च, ऊसतोड जोरात, कारखान्यांच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, डिझेलचा खप टिपेला, त्यातच सोलापूरची गड्ड्याची यात्रा. किंवा आषाढीला पंढरपूरकडे लोटलेली वाहनं आणि घाटात दरड पडून रेल्वे थांबलेली. अशा वेळी दोन वाटा एकदम बंद झाल्या तर आठ दिवस ओढाताण होईल.

पण भाव? भाव त्या कारणाने वाढणार नाही. आपल्याकडे पेट्रोल जून २०१० मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झालं, १६ जून २०१७ पासून सकाळी सहाला रोज भाव बदलायची पद्धत आली. तरी एप्रिल २०२२ पासून जवळजवळ दोन वर्षं कंपन्यांनी भाव हलवले नाहीत. त्या काळात मे २०२२ मध्ये केंद्राने अबकारी कर आणि जुलैत राज्याने व्हॅट उतरवला, तेवढाच फरक पडला. मार्च २०२४ मध्ये दोन रुपये कमी झाले. भावाचा पाया परदेशी बाजारातला तयार पेट्रोल-डिझेलचा दर, त्यावर वाहतूक, डीलर कमिशन आणि कर. लाइन फुटल्याने टँकरचं भाडं वाढलं तर ते कंपनी सोसते, मोहोळच्या पाटीवर दुसऱ्या दिवशी येत नाही.

अमेरिकेत टंचाई भावात दिसते, आपल्याकडे ती रांगेत दिसते. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत हे आपण भोगलं. नव्या कायद्यातल्या हिट अँड रनच्या कलमाविरुद्ध ट्रकचालकांनी काम थांबवलं आणि महाराष्ट्रभर पंपांवर झुंबड उडाली. डेपोत तेल होतं, भाव एक पैसाही वाढला नव्हता, तरी पंप कोरडे झाले. रांगेचा भार डीलरवर पडतो. पैसे आगाऊ भरलेले, लोड आलेला नाही, कामगारांचा पगार चालू, आणि समोर चिडलेलं गिऱ्हाईक. डीलरला भाव वाढवून गर्दी आवरता येत नाही, आणि येऊही नये असं मी म्हणेन, कारण त्या रांगेत रुग्णवाहिका आणि रिक्षावालाही असतो.

अपघाताच्या कारणाबद्दल थोडं, कारण हे तुमच्या गावाच्या शिवारातलं आहे. अलाबामातला स्फोट खोदकाम यंत्राने झाला. त्याआधी १० जून १९९९ ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये पेट्रोलची लाइन फुटली. ओढ्यात पेट्रोल वाहत गेलं, पेटलं आणि तीन मुलं दगावली, त्यातली दोन दहा वर्षांची. त्या पाइपला खोदकामाचा घाव बसला होता तो त्याआधी पाच वर्षांपूर्वी. जेसीबीचा दात घासून गेला, गळती झाली नाही, माती लोटली, विषय संपला, असं नसतं. घाव आत पिकत राहतो. लाइन ज्या शेतातून जाते तिथे १९६२ च्या कायद्याने कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळालेला असतो, जमीन शेतकऱ्याचीच. त्या पट्ट्यात ज्वारी घ्या, कांदा घ्या, पण विहीर, शेततळं, घर आणि झाड नको. शेततळ्याचा जेसीबी बोलावताना लाइनीचे खुणेचे खांब आधी बघा. नंबर खांबावरच लिहिलेला असतो, आणि घासलं असेल तरी कळवा. लपवण्यात काही मिळत नाही.

लाइनीला भोक पाडून चोरी हा दुसरा धोका. मेक्सिकोत जानेवारी २०१९ मध्ये चोरी थांबवायला सरकारने लाइनी बंद करून टँकर लावले. भाव फारसा हलला नाही, पण अनेक शहरांत लांब रांगा लागल्या. त्याच महिन्यात त्लावेलिल्पान गावाजवळ भोक पाडलेल्या लाइनीतून कारंज्यासारखं उडणारं पेट्रोल बादल्यांत भरायला गावकरी जमले. ते पेटलं आणि १३७ माणसं मेली. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, डोळ्यांना दिसत नाही. शिवारात पेट्रोलचा वास आला की बादली नको, मोटरसायकल चालू करणं नको, मोबाइलवर बोलत जवळ जाणं नको. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने लांब जायचं आणि मग फोन करायचा.

राहिला साठ्याचा प्रश्न. लाइन बंदची कुणकुण लागली म्हणून टाक्या काठोकाठ भरून ठेवू नका. भाव वाढणार नसेल तर साठ्यावर तुम्हाला काही सुटत नाही, उलट भाव अचानक उतरला तर तोटा तुमचा. ३ नोव्हेंबर २०२१ च्या संध्याकाळी, ऐन दिवाळीत, केंद्राने पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर दहा रुपये अबकारी कर कमी केल्याचं जाहीर केलं. सणाच्या सुट्ट्यांसाठी टाक्या भरून ठेवलेले डीलर एका रात्रीत लाखोंनी खाली आले. मे २०२२ मध्ये पुन्हा तेच, पेट्रोलवर आठ रुपये. वीस हजार लिटरच्या भरल्या टाकीवर नुसत्या कराचे १,६०,००० रुपये गेले, आणि कमिशन वाढत नसल्याच्या तक्रारीसोबत याही रागातून ३१ मे २०२२ ला महाराष्ट्रासह अनेक राज्यांत डीलरांनी एक दिवस खरेदी बंद ठेवली.

एरवी जेवढा साठा ठेवता त्याला आणखी एका दिवसाच्या विक्रीची जोड द्या, तेवढं बस्स. इंडेंट (मालाची मागणी) वेळेवर टाका आणि खात्यात पैसे शिल्लक ठेवा, कारण कोटा लागला की ज्याचं पेमेंट पडून आहे त्याचा टँकर आधी सुटतो. डिप (टाकीतल्या तेलाचं माप) रोज दोनदा घ्या म्हणजे नेमके किती तास उरलेत ते तुम्हाला माहीत असेल. रांग लागली तर दुचाकीला आणि चारचाकीला मर्यादा लावा आणि ती सगळ्यांना सारखी ठेवा, ओळखीच्यालाही. बाटलीत, कॅनमध्ये पेट्रोल देऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी. रुग्णवाहिका, पोलीस आणि दुधाच्या गाड्यांसाठी टाकीच्या तळाशी हजारभर लिटर राखून ठेवा आणि ते राखीव आहे हे पाटीवर लिहा, म्हणजे कामगारांशी कोणी वाद घालणार नाही. पाकणीच्या डेपोत कोणत्या कंपनीचा माल किती दिवसांचा आहे, हे तुमच्या विक्री अधिकाऱ्याला थेट विचारा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निरोपापेक्षा त्याचा एक फोन खरा.